काळ्या रानातून लाल मातीकडे

कोल्हापूरहून दिवसा निघालं की बेंगळुरूपर्यंतचा महामार्ग माती दाखवत नेतो. धारवाड-हुबळीच्या रानात दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, सोलापूर-परभणीसारखीच पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. गावरस्त्यांना हीच खाते. चित्रदुर्ग मागे पडल्यावर, तुमकूरच्या वाटेवर, रस्त्याच्या कडा लाल आणि रवाळ दिसू लागतात. या मातीसाठीच मी निघालो होतो.

पायाखालची मातीच बांधून वापरायची, ही विद्या मला बघायची होती. वाळवंटात रस्ता बांधायचा तर खडी फार लांबून आणावी लागते. पायाखालची वाळू गोलसर, बहुतेक एकाच मापाची. तिचे कण एकमेकांत अडकत नाहीत. म्हणून तिलाच सिमेंटने किंवा डांबराने बांधून घेतात. बेंगळुरूत हीच विद्या भिंतींत दिसते. १९७४ साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला आणि के. एस. जगदीश व सहकाऱ्यांनी मातीच्या दाबविटांचं तंत्र घडवलं.

शहराच्या उत्तरेला एका घराचं काम चालू होतं. पायाच्या खड्ड्यातून निघालेली माती चाळत होते. तिच्यात सातेक टक्के सिमेंट, मुठीत गोळा धरेल इतकंच पाणी. मग यंत्राच्या दांड्यावर दोघांचा भार, आणि वीट बाहेर. भट्टी नाही, जळण नाही. फक्त काही आठवडे पाणी मारायचं. मिस्त्रींनी काचेच्या बाटलीत माती-पाणी हलवून ठेवलं होतं. तळाशी वाळू बसली होती, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. वाळूचा थर जाड होता, म्हणून सिमेंट चालतं, असं त्यांनी हिंदीत समजावलं.

"आमची काळी माती चालेल?" मी विचारलं.

"तशीच नको. वाळू मिसळा, नाहीतर आधी चुना."

रस्त्यालाही तेच लागू आहे. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. चुन्यातलं कॅल्शियम तिचे कण गोळा करून तिला भुसभुशीत करतं, मग ती रोलरखाली बसते. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली चुना, सिमेंट आणि राख वापरून माती घट्ट करण्याची मार्गदर्शक तत्त्वं छापली आहेत. तरी आपल्याकडे रस्ता म्हटला की आधी डोंगर फोडून खडी-मुरूम आणायची घाई. मला हे फार खुपतं. चुन्याने सुधारलेल्या थरावरही डांबराचं पांघरूण आणि कडेला पाण्याची चर लागतेच, पण खडीचे किती तरी डंपर वाचतात.