बिनछपराचे चर्च

माझे बाबा गवंडी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे काम कोर्लई गावात चालू होते. एक दिवस मीपण त्यांच्याबरोबर एस.टी.ने गेले. कोर्लई आपल्याच मुरूड तालुक्यात आहे. गावाजवळ डोंगर आहे. त्याच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कुंडलिका नदीची खाडी आहे. डोंगरावर लांबट, अरुंद किल्ला आहे. काम आटोपल्यावर आम्ही दीपगृहाच्या मागच्या वाटेने वर चढलो. माझे पाय फार दुखले.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. किल्ल्याला ११ दरवाजे आहेत. वर पावसाच्या पाण्याचे टाके आहे. त्याला तीन तोंडे आहेत. महादेवाचे छोटे देऊळ आहे आणि एक चर्चही आहे.

मुलांनो, या चर्चला छपरच नाही! आत जाऊन वर पाहिले तर निळे आभाळ दिसले. भिंती मात्र उभ्या आहेत. आमच्या घराच्या भिंतींपेक्षा त्या खूप जाड आहेत.

बाबांनी मला कमान समजावून सांगितली. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवतात. बांधताना खालून लाकडाचा आधार देतात. अगदी मधला दगड शेवटी बसवतात. त्याला चावी म्हणतात. मग आधार काढला तरी कमान पडत नाही, कारण दगडच एकमेकांना दाबून धरतात.

मी विचारले, "बाबा, छप्पर गेलं तरी भिंती कशा राहिल्या?"

बाबा म्हणाले, "छप्पर वारा नेतो गं. पण पाया खोल आणि सांधे पक्के असले की भिंत राहते."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या घराचे सगळे पत्रे उडाले. मी तेव्हा लहान होते. आजी रडत म्हणाली होती, "हे घर पाडा, मुंबईला काकाकडे जाऊया." पण बाबांनी भिंती पाडल्या नाहीत. त्याच भिंतींवर नवे पत्रे घातले. बाबांनी तसे का केले ते मला चर्चमध्ये कळले.

खाली गावात दुसरे चर्च आहे. ते माउंट कार्मेल माऊलीचे. तिथे आजही प्रार्थना होते. त्या गावातले ख्रिस्ती लोक घरी पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात. म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षे झाली, तरी ती बोली टिकली आहे. मला याचे फार नवल वाटले.

अजूनही रात्री वारा सुटला की आजी उठून बसते. घरी आल्यावर मी तिला चर्चची सगळी गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकली. मग म्हणाली, "भिंतींचं कळलं. आता बापाला सांग, यंदा पत्र्यांना जास्त आकडे मार."

बाबांनी लगेच आकडे आणले.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी