गुजरी महालाच्या पायरीवर

पंजाब मेलने आग्र्यास जाणारे आपले बहुतेक लोक ग्वाल्हेर स्टेशन झोपेतच मागे टाकतात. आमच्या धर्मग्रामातील आम्ही काही मंडळी तेथे मुद्दाम उतरलो, आणि उतरल्याचे सार्थक झाले. लष्कर भागात मराठी बोल कानी पडताच परक्या मुलखात आल्याची भावना निम्मी ओसरली. शिंद्यांच्या ह्या राजधानीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथील जयविलास राजवाडा १८७४ साली उभा राहिला. त्याचा आराखडा करणारे सर मायकेल फिलोझ हे इटालियन वंशाचे कॅथलिक गृहस्थ होते, हे कळल्यावर आमच्यातील काहींना तो राजवाडा थोडासा आपलाही वाटू लागला!

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालाविषयी. राजा मानसिंह तोमर ह्याने (राज्यकाल १४८६ ते १५१६) तो आपल्या मृगनयनी राणीसाठी बांधला. आज तेथे पुराणवस्तुसंग्रहालय आहे आणि ग्यारसपूरची प्रसिद्ध शालभंजिका तेथेच पाहावयास मिळते. मृगनयनीची कथा मात्र लोकांच्या तोंडी आहे. राई गावच्या ह्या गुजर कन्येने दोन झुंजणाऱ्या म्हशींना शिंगे धरून वेगळे केले, ते शिकारीस आलेल्या राजाने पाहिले आणि तिला मागणी घातली. तिने अटी सांगितल्या. आपल्याला स्वतंत्र महाल हवा, आपण पडद्यात राहणार नाही, आणि प्यावयास आपल्या गावच्या नदीचेच पाणी हवे. राजाने सर्व मान्य केले आणि राईचे पाणी नळाने महालापर्यंत आणविले, असे सांगतात.

आमच्याबरोबर एक वृद्ध मावशी होत्या. त्यांनी वाटाड्यास आपल्या मोडक्या हिंदीत विचारले, “राजाच होता ना तो? मग तिला सरळ उचलून का नेली नाही?”

वाटाड्या हसला. “माताजी, उचलून नेली असती तर ती दासी झाली असती. त्याला तर राणी हवी होती.”

मावशी तेथेच पायरीवर बसल्या. त्यांचा तरुण मुलगा पुष्कळ वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून त्या मिस्सा चुकवीत नसत, पण ख्रिस्तप्रसाद घ्यावयास पुढे जात नसत. देव आपल्यावर रागावला आहे, आणि आपणही त्याच्यावर, असे त्यांनी मनाशी धरले होते. “देवही विचारतो का रे असा?” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून तर त्याने न विचारताच नेले.”

त्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि ते असल्याचा आव आम्ही आणला नाही. पहिल्या प्रश्नाविषयी मात्र आम्ही बोलत बसलो. परमेश्वर परिपूर्ण आहे, त्याला कशाचीही उणीव नाही, हे आपण धर्मशिक्षणात शिकतो. तरीही एदेन बागेत लपलेल्या आदामाला हाक मारणारा तोच. दुरावलेल्या पत्नीची मनधरणी करणाऱ्या पतीचे रूप होशेय संदेष्ट्याने त्यालाच दिले. नासरेथमध्ये त्याने आज्ञापत्र धाडले नाही. दूत पाठविला आणि एका ग्रामकन्येच्या होकारासाठी तो थांबला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड ह्यांनी आपल्या प्रवचनात सारी सृष्टी त्या उत्तराची वाट पाहत उभी केली आहे. आपल्या घरोघरी भिंतीवर असलेले येशूचे परमपवित्र हृदय ह्या थांबण्याचेच चित्र आहे. त्याच हृदयावर पोप बारावे पायस ह्यांनी १९५६ साली आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२४ साली परिपत्रके लिहिली. आपण मात्र देवाला गावच्या सावकाराप्रमाणे वागवतो, नवस फेडला की खाते चुकते!

अर्थात मानसिंहाची उपमा फार ताणता येत नाही. त्याला इतर राण्या होत्या, आणि तो वर किल्ल्यावर राहिला, मृगनयनी खाली. त्याने तिच्या गावचे पाणी आपल्या दारी आणविले. प्रभू येशू स्वतःच त्या गावी राहावयास आला आणि तेथलेच पाणी प्याला. शोमरोनी स्त्रीजवळ तर त्याने विहिरीच्या काठावर पाणी मागितले. आपल्याजवळ काही मागणारा देव! मावशी हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या.

पुढे आम्ही वर चढलो. मानमंदिराच्या भिंतीवरील निळ्या फरशा आणि पिवळी बदके पाहून मन प्रसन्न होते. पण मोगलांच्या काळात हाच किल्ला कारागृह होता. औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ मुराद ह्याला १६६१ साली येथेच ठार करविले. तेथून थोड्या अंतरावर दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे. जहांगिराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद ह्यांची येथून सुटका केली, तेव्हा ते एकटे बाहेर पडावयास राजी होईनात. त्यांच्या अंगरख्यास बावन्न गोंडे लावले होते, आणि एकेक गोंडा धरून बावन्न बंदिवान राजे त्यांच्याबरोबर मुक्त झाले, अशी शीख परंपरा आहे. आम्ही तेथे लंगरात जेवलो.

ग्वाल्हेर १९९९ साली स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. शहरातील देवळात आम्ही हिंदी मिस्सेस गेलो. मिस्सेपूर्वी मावशी उठल्या आणि कुमसाराच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. फादरांना मराठी येत नव्हते आणि मावशींचे हिंदी ते तसे. तरी त्या आत बराच वेळ होत्या. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्या आमच्या पुढे चालत होत्या.

मिस्सा संपल्यावरही त्या बाकावरून लवकर उठल्या नाहीत. स्टेशनकडे नेणारी रिक्षा बाहेर खोळंबली होती, पण त्यांना कोणीही हाक मारली नाही.