मिग उठलं की...

गेल्या गणपतीत मावशीकडे संध्याकाळची आरती चालू होती. झांजा काकांच्या हातात, म्हणजे ताल विसरायचा. आरती अगदी रंगात आली आणि शोकेसवर ठेवलेल्या ताईच्या मोबाईलमधून कर्कश भोंगा वाजायला लागला. पाठोपाठ एक पुरुषी आवाज इंग्रजीत सांगू लागला की हवाई हल्ल्याचा इशारा आहे, आसरा शोधा. (हा आवाज 'स्टार वॉर्स'मधल्या मार्क हॅमिलचा आहे, हे मला नंतर कळलं!) सगळे माना वळवून बघायला लागले. ताईने शांतपणे मोबाईल उचलला, आवाज बंद केला आणि म्हणाली, "काही नाही गं, मिग उठलं असेल."

आणि आरती पुढे चालू!

ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती युक्रेनमध्ये व्हिनित्सिया या शहरात एमबीबीएस करत होती. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला तेव्हा माझी दहावी तोंडावर आली होती, पण अभ्यास कोण करणार? सगळं घर टीव्हीपुढे. ताई बसने, मग थंडीत कित्येक किलोमीटर चालत रुमानियाच्या हद्दीवर पोचली आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने घरी आली. उरलेलं शिक्षण तिने जॉर्जियात पूर्ण केलं. पण तिची तिथली घरमालकीण, जिला ती बाबुस्या म्हणते, ती अजून व्हिनित्सियातच आहे. म्हणून ते ॲप अजून मोबाईलमध्ये आहे.

मिग उठलं म्हणजे काय, तेही तिनेच मला मोदक खाता खाता समजावलं. मिग-३१के हे रशियन विमान किन्झाल नावाचं क्षेपणास्त्र घेऊन उडतं. ते कुठे सोडणार हे आधी कळत नाही आणि सोडल्यावर पळायला वेळ नसतो. म्हणून विमानाने नुसती धावपट्टी सोडली तरी अख्ख्या युक्रेनमध्ये भोंगे वाजतात. अशा वेगाच्या क्षेपणास्त्राला अडवणारी मुख्यतः एकच यंत्रणा त्यांच्याकडे आहे, अमेरिकन पॅट्रियट. आणि ती काही गावोगाव नाही.

पॅट्रियट हे नाव ऐकून मी उडालेच. कारण आमची तिची ओळख न्यूमरिकल मेथड्सच्या पहिल्याच लेक्चरला झालेली! सरांनी फळ्यावर ०.१ लिहिलं आणि विचारलं, "हे बायनरीत लिहा." लिहिता येत नाही, संपतच नाही. पॅट्रियटचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं आणि २४ बिटांच्या पुढचं कापून टाकायचं. शंभर तास यंत्र बंद न करता चालवल्यावर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदांनी चुकलं. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये रडारने आभाळात भलतीकडेच पाहिलं आणि २८ अमेरिकन सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं! आम्ही वहीत 'ट्रन्केशन एरर' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पाच मार्कांना हमखास येतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी पोचलं... ताईचं ऐकताना हेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. कारण युक्रेनची सगळी गोष्टच पोचण्याची आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे होत्या सोव्हिएत काळातल्या एस-३०० आणि बुक. त्यांची क्षेपणास्त्रं प्रामुख्याने रशियातच बनतात, म्हणजे संपली की संपली! एप्रिल २०२२ मध्ये स्लोव्हाकियाने आपली एस-३०० देऊन टाकली, बदल्यात अमेरिकेने तिथे पॅट्रियट आणून उभी केली. बाकीचे देश मात्र विचार करत बसले. रशिया चिडेल का, आपल्याला कमी पडेल का, युक्रेनी सैनिकांना जमेल का. १४ जुलैला काळ्या समुद्रातल्या पाणबुडीतून सुटलेली कालिबर क्षेपणास्त्रं व्हिनित्सियाच्या भर चौकात पडली. वीसहून जास्त माणसं गेली, त्यात तीन लहान मुलं. एक मुलगी चार वर्षांची. त्या चौकातून ताई रोज बस पकडायची. त्या दिवशी ती जेवली नाही आणि मावशीने तिला काही विचारलंही नाही.

१० ऑक्टोबर २०२२ ला कीवसकट अनेक शहरांवर एका दिवसात ऐंशीच्या वर क्षेपणास्त्रं सुटली. दुसऱ्याच दिवशी जर्मनीची पहिली आयरिस-टी युक्रेनमध्ये पोचली, नोव्हेंबरमध्ये नासाम्स आली. पॅट्रियट द्यायचं अमेरिकेने २१ डिसेंबरला जाहीर केलं. १४ जानेवारी २०२३ ला द्निप्रो शहरात एका नऊमजली इमारतीवर केएच-२२ पडलं. हे क्षेपणास्त्र जहाजं बुडवायला बनवलेलं! ४६ माणसं गेली. युक्रेनकडे तेव्हा ते पाडण्याचं साधनच नव्हतं. पॅट्रियट कबूल झाली होती, पण ती चालवायला शिकणारे युक्रेनी सैनिक त्याच सुमारास अमेरिकेत ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला जेमतेम पोचत होते. एरवी लांबलचक चालणारं ट्रेनिंग त्यांनी दहा आठवड्यांत उरकलं (आणि आम्ही एका जर्नलला आख्खं सेमिस्टर लावतो). एप्रिलमध्ये यंत्रणा आली, ४ मे ला त्यांनी कीववर पहिलं किन्झाल पाडलं. आमच्या वहीतली ती चुकलेल्या घड्याळाची पॅट्रियट!

म्हणजे देणाऱ्यांना वाटलेली भीती बरीचशी फोल ठरली, आणि मधले महिने गेले ते गेलेच. मला राग येतो तो या महिन्यांचा.

पण राग काढून गणित सुटत नाही. पॅट्रियटच्या नव्या क्षेपणास्त्राची किंमत सुमारे चाळीस लाख डॉलर, म्हणजे तीस कोटी रुपयांच्या वर. २०२४ या आख्ख्या वर्षात ती बनली सुमारे ५००, आणि जगभरचे गिऱ्हाईक रांगेत. समोरून येणारं शाहेद ड्रोन वीस ते पन्नास हजार डॉलरचं. २०२५ च्या जुलैत एका रात्रीत अशी सातशेच्या वर ड्रोन आली, काही खरी, काही नुसती फसवायला. पॅट्रियट त्यांच्यावर उडवणं म्हणजे डास मारायला सोन्याची चप्पल. मग ड्रोनसाठी जर्मनीने जुन्या गेपार्ड तोफा दिल्या, तर त्यांच्या गोळ्या स्वित्झर्लंडच्या. ते म्हणाले, आम्ही तटस्थ, आमच्या गोळ्या पुढे देता येणार नाहीत! शेवटी जर्मनीने स्वतःकडे गोळ्यांची नवी लाईन टाकली. तोफ देऊन भागत नाही, गोळी देत राहावं लागतं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस हाच पुरवठा थांबवला होता, मग पुन्हा सुरू केला.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट मात्र कुणी दिलेली नाही. दोन युक्रेनी इंजिनिअर्सनी गॅरेजमध्ये डोकं लढवून खांबांवर मायक्रोफोन आणि साधे मोबाईल बसवले. शाहेदचा आवाज मोपेडसारखा येतो, तो ऐकून ड्रोन कुठून कुठे चाललंय हे कळतं. असे जवळजवळ दहा हजार खांब, एकेकाला चार-पाचशे डॉलर खर्च. अमेरिकन हवाई दलाचे जनरल हेकर यांनी २०२४ मध्ये त्याचं कौतुक केलं होतं. आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आम्हीही आवाज ओळखणारं सर्किट केलं होतं. ते कँटीनचा मिक्सर चालू झाला की अलार्म द्यायचं. असो.

माझी रूममेट जम्मूची. तिचं म्हणणं असायचं, "शस्त्रं पाठवली की युद्ध लांबतं. आणि रशिया आपला जुना दोस्त, आपली एस-४०० त्यांचीच ना?" ती चुकीचं बोलत नव्हती. मी म्हणायचे, ही ढाल आहे, अंगावर येईल त्यालाच अडवते. तेही पूर्ण खरं नव्हतं. मे २०२३ मध्ये रशियाच्या हद्दीत विमानं आणि हेलिकॉप्टरं पडली, त्यात पॅट्रियटचा हात होता हे युक्रेनी प्रवक्त्यानेच नंतर सांगितलं. ढालीचीही कड लागते. मे २०२५ मध्ये आपल्याकडे राज्यात ठिकठिकाणी मॉक ड्रिलचे भोंगे वाजले, आम्हाला गंमत वाटली. दुसऱ्याच रात्री जम्मूवर ड्रोन आली. रूमी रात्रभर गॅलरीत फोन कानाला लावून उभी. तिची आई अंधारात बसून सांगत होती की वर काहीतरी फुटतंय, खाली पडत नाहीये. रशियाबद्दलचं रूमीचं मत आजही तेच आहे. पण 'युद्ध लांबतं' हे वाक्य तिने पुन्हा काढलं नाही, आणि मीही 'बघ, मी म्हणत होते ना' असं म्हटलं नाही.

शाळेत आमच्या सिस्टर दुसऱ्या गालाची गोष्ट इतक्या गोड सांगायच्या की नववीत मी निबंधात लिहून टाकलं होतं, मोठी होऊन मी कधीही शस्त्र बनवणार नाही. सिस्टरनी खाली लाल शाईने 'गॉड ब्लेस यू' लिहिलं होतं. यावर्षी इलेक्टिव्हच्या फॉर्मवर मी रडार इंजिनिअरिंगला टिक केली. स्वतःचा गाल पुढे करणं मला अजून पटतं. द्निप्रोतल्या त्या नवव्या मजल्यावरच्यांचा गाल पुढे करण्याचा अधिकार मला, किंवा दुसऱ्या कुठल्या देशाच्या मंत्र्याला, कुणी दिला हे मात्र कळत नाही.

रुमानियाचं सांगायचं राहिलं. ज्या देशाने ताईला हद्दीवर गरम सूप दिलं, त्याच्याकडे पॅट्रियट मोजक्याच. युक्रेनवर सुटलेल्या ड्रोनचे तुकडे त्यांच्याही डॅन्यूबकाठच्या गावांत पडत होते. २०२४ मध्ये त्यातली एक त्यांनी युक्रेनला दिली. त्याच वर्षी ग्रीसने नाही म्हटलं.

त्या रात्री जेवणं आटोपत आली तेव्हा ताईचा मोबाईल पुन्हा वाजला, इशारा संपल्याचं सांगायला. तिने लगेच बाबुस्याला मेसेज टाकला, तळघरात गेली होतीस ना? बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ताईने ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. नव्हते गेले, बटाटे गॅसवर होते.