व्यवसाय : घरकाम

आज्जीच्या आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी 1945 आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच येतो. तारीख माहीत नसली की तीच टाकतात, आम्ही कोडमध्ये डिफॉल्ट व्हॅल्यू टाकतो तशी. पण आज्जी म्हणायची, "रझाकारात मी शेरडं राखत हुते." रझाकारांची धामधूम 1948 च्या सप्टेंबरात संपली. तीन वर्षांची पोर शेरडं राखत नाही. म्हणजे कार्डापेक्षा ती किमान चार-पाच वर्षांनी मोठी.

तिचं कॅलेंडर वेगळंच होतं. रझाकार, मग लग्न, मग बहात्तरचा दुष्काळ, मग भूकंप. आमचं गाव उमरगा तालुक्यात. बहात्तरला ती खडी फोडायला जायची, नंतर पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. बाबा तेव्हा तान्हे, बांधावर झोळीत. दुपारी सुकडी मिळायची. त्या तलावावरून जाताना ती दरवेळी म्हणायची, "ह्यात माझी बी पाटी हाय." 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे घर हललं, तेव्हा माणसांना बाहेर काढून ती परत आत गेली. कशाला? बियाण्याच्या ज्वारीची घागर आणायला. आजोबांनी तिला यावरून आयुष्यभर शिव्या घातल्या आणि पुढच्याच महिन्यात तीच ज्वारी पेरली.

बियाणं हा तिचा प्रांत. कुठलं कणीस ठेवायचं ते उभ्या पिकात तीच ठरवायची. राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची. पेरणीला तिफणीचं चाडं तिच्या हातात. मूठ सारखी सुटली पाहिजे, नाहीतर कुठे दाट, कुठे पातळ उगवतं. मी पुण्याहून गेलो की लॅपटॉपकडे बघून विचारायची, "दिसभर ह्या डब्यात बघून पाट दुखत नाही का रं?" पाठ दुखायची. खुरपून खुरपून तिची तर कायमची वाकली होती, पण विचारायची माझीच.

गेल्या वर्षी ती गेली. मृत्यू नोंदीच्या फॉर्मवर 'मयताचा व्यवसाय' असा रकाना असतो. भरणाऱ्याने न विचारताच 'घरकाम' लिहिलं. मी 'शेती' करायला सांगितलं. तो म्हणाला, "शेती तर आजोबांची होती ना?" त्याचंही खोटं नव्हतं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं तेच मुळी आजोबा गेल्यावर, वारस म्हणून.

तेव्हा आत्यानं हक्कसोड करून दिली होती. साडी-चोळी घेऊन, हसत. भावांशी वाकडं नको म्हणून बहिणी देतात तशी. आज्जी त्या दिवशी जेवली नाही. पुढे एकदा मला म्हणाली, "माझ्या वाटणीचं तिला ऱ्हावं." बाकी कुणाला बोलली नसावी. कागदावर तर काहीच नाही.

आता तिच्या हिश्श्याची वारस नोंद करायची आहे. 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणे आईच्या वाट्यात मुलगा-मुलगी सारखेच. अर्ज ऑनलाइन भरता येतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. बाबांचं नाव टाकलं, काकांचं टाकलं, मग आत्याचं. मागच्या हक्कसोडीचा या हिश्श्याशी संबंध नाही, हे बाबांना समजावलं. आज्जी काय म्हणाली होती तेही सांगितलं.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, "थांब, काकाला फोन लावतो."

काकांचा फोन अजून लागलेला नाही. अर्ज ड्राफ्टमध्ये आहे, तिन्ही नावांसकट.