धर्माची वेसण सरकारच्या हाती

शुक्रवारी दुपारी इस्तंबूलच्या उस्कुदारमधल्या मशिदीत जो खुतबा (प्रवचन) वाचला जातो, तोच त्या दिवशी तुर्कस्तानभर वाचला जातो. तो अंकाऱ्याहून, ‘दियानेत’ या सरकारी धर्मखात्याकडून येतो. इमामांचा पगारही सरकारी तिजोरीतून होतो. राज्यघटनेत मात्र १९३७पासून देश धर्मनिरपेक्ष आहे.

३ मार्च १९२४ला मुस्तफा केमाल यांच्या राजवटीनं खिलाफत बरखास्त केली, आणि त्याच दिवशी हे खातं काढलं. धर्म सत्तेबाहेर गेलाच नाही, त्याची वेसण तेवढी सरकारच्या हाती आली. पुढं डोकं झाकणाऱ्या मुलींना विद्यापीठाची दारं कैक वर्षं बंद राहिली. आज ती उघडी आहेत. पण अलेवी या मुस्लिम पंथाच्या जेमेवीला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाला, अजून मशिदीसारखा दर्जा नाही. आया सोफिया १९३४ला संग्रहालय झाली, २०२०ला पुन्हा मशीद. दोन्ही वेळा हुकूम सरकारचाच.

लोकांचं तसं नाही. इस्तंबूलमधल्या एमिनोनूच्या बोटीत एक मुलगी डोक्याला रुमाल बांधलेली, दुसरी मोकळ्या केसांची. दोघी एकच तिळाचा सिमित पाव तोडून खातात, चहा पितात.

तुर्कस्ताननं देशाबाहेर काढलेल्या शेवटच्या खलिफाला तनखा दिला तो आमच्या हैदराबादच्या निजामानं. १९३१ला खलिफाची मुलगी दुर्रेशेवार निजामाची सून झाली. माझं जळकोट त्याच निजामाच्या मुलखात होतं. प्रजा बहुतेक हिंदू, गादी मुसलमान. १३ सप्टेंबर १९४८च्या सकाळी भारतीय फौज नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल घेऊन जळकोटात आली आणि दुपारी उमरग्याला पोचली. निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले. पण त्यानंतर मुसलमानांची सर्वांत जास्त कत्तल झाली असे जे चार जिल्हे भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं नोंदवले, त्यांत आपला उस्मानाबादही होता.

गादीवर बसलेल्याचा धर्म कोणता, यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून असू नये. सरकारनं ना देऊळ चालवावं, ना मशीद; दोन्हीकडच्या माणसाला सारखं राखावं. एवढं जमलं की झाली धर्मनिरपेक्षता. गावाकडच्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन झाल्यावर मुलांना रझाकारांचा जुलूम सांगा, आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या मुसलमान शेजाऱ्यांबद्दलही सांगा.