रुईवरील तांबडे पाहुणे

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहण्याची चाल आमच्या बेळगाव-निपाणीच्या टापूत घरोघर आहे. कानडी शेजारी रुईला 'एक्क' म्हणतात. नाव निराळे, माळ तीच. संकेश्वरापासून तवंदीच्या घाटापर्यंत पडीक माळावर ही वनस्पती आपसूक उगवते. पाने खुडताना तिच्या जांभळट फुलांवर आणि हिरव्या बोंडांवर तांबडे-काळे किडे घोळक्याने बसलेले दिसतात. 'हाच तो कपाशीचा लाल ढेकण्या' असे म्हणून ते चिरडणारे, प्रसंगी त्यांवर औषध फवारणारे भाविक आम्ही पाहिले आहेत. म्हणून ही ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे भुंगेरे नव्हेत. भुंगेऱ्याचे कठीण पंख पाठीवर सरळ रेषेत जुळतात. ढेकणांच्या कुळातील किड्यांचे पंख मागे एकमेकांवर चढतात व तेथे पातळ पडद्यासारखे होतात. त्यांना चावता येत नाही. सुईसारख्या सोंडेने ते रस शोषतात.

रुईवरील किड्याचे शास्त्रीय नाव 'स्पिलोस्टेथस हॉस्पेस'. हे 'हॉस्पेस' नाव फॅब्रिशियसने 1794 मध्ये दिले. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ पाहुणा. रुईच्या बिया हे त्याचे आवडते अन्न. रुईच्या चिकातील विष तो अंगात साठवतो. त्याचा भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीद होय. लाल ढेकण्या, अर्थात 'डिस्डर्कस', निराळ्या कुळातला. तो कपाशीच्या बोंडांत सोंड खुपसतो आणि रुईला डाग पडतो, म्हणजे कापसाच्या रुईला, मारुतीच्या नव्हे! त्याच्या पोटावर पांढरे आडवे पट्टे असतात. भिंगातून पाहिल्यास पहिल्याच्या मोठ्या डोळ्यांमागे दोन बारीक ठिपक्यांएवढे साधे डोळे दिसतात. लाल ढेकण्याला ते नसतात.

खरी गंमत तिसऱ्याची. 'अँटिलोकस' नावाचा तांबडा किडा लाल ढेकण्याच्याच कुळातला, पण त्याचाच शिकारी. पांढऱ्या पट्ट्यांवाचूनचा हा किडा सोंडेवर भावकीतल्याला टोचून धरलेला दिसला, तर तो शेतकऱ्याचा मित्र समजावा. सरसकट फवारणीत शत्रूबरोबर हा मित्रही मरतो, आणि फुलांवर आलेल्या मधमाश्याही.

सीमाभागातल्या माणसास हा विवेक शिकवावा लागू नये. बाजारात एकाच पोशाखात भेटणारी माणसे बोलू लागली म्हणजेच मराठी, कानडी, कोंकणी कोण ते कळते. किडा तर बोलत नाही. त्याला काचेच्या बाटलीत धरावे, खालून पोट न्याहाळावे, आणि सोडून द्यावे. पाने खुडल्यावर हात मात्र धुवावेत, कारण रुईचा चीक डोळ्यांत जाणे घातक. देवाला वाहिलेल्या पानामागे एका जिवाची नाहक हत्या नसावी, एवढेच आमचे मागणे.