भाईजानचं इंजिन

भाईजानचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी अम्मीनं त्यांची लोखंडी पेटी उघडायला सांगितलं. एनसीसीच्या एअर विंगच्या गणवेशाखाली, जुन्या मलमलीत गुंडाळलेलं ते इंजिन सापडलं. मुठीत मावणारं, पाऊण सीसीचं. आम्ही तिघं भावंडं ते बघून गप्पच झालो.

इंग्लंडच्या मिल्स कंपनीनं १९४६ साली असलं छोटं डिझेल इंजिन काढलं. त्याच धर्तीची इंजिनं पुढं कलकत्त्यात ऑरोरा नावानं बनली. भाईजानचं त्यातलंच. त्याला ना बॅटरी लागायची, ना प्लग. नाव डिझेल, पण पोटात डिझेलचा थेंब नाही! ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारखे भाग. ईथर दाबानं चटकन पेटतं, ताकद रॉकेल देतं आणि एरंडेल आतले भाग घासू देत नाही. डोक्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की आतला दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. सगळी करामत त्या स्क्रूची.

ईथर भाईजान कुठून तरी मिळवायचे. एरंडेल घरात होतंच. महिन्यातून एकदा ते आमच्या पोटात जायचं. भांडण व्हायचं रॉकेलवरून. रेशनच्या रांगेत अम्मी तीन-तीन तास उभी राहायची. “रॉकेल किधर गया रे?” तिनं विचारलं की आम्ही भाईजानकडं बघायचो नाही. एकदा अब्बांनी त्यांना त्यावरून मारलं. मार खाऊनही जुम्म्याच्या नमाजनंतर ते आम्हाला मैदानात घेऊन गेले. बोटानं पंखा फटकारायचे, इंजिन उलटं उसळायचं, बोटातून रक्त यायचं. मग एकदम तो कर्कश आवाज. दोन तारांना बांधलेलं बाल्साचं विमान त्यांच्याभोवती गरगर फिरायचं आणि आमच्या पांढऱ्या कुडत्यांवर एरंडेलचे डाग पडायचे. त्या डागांसाठी मात्र आम्ही मार खाल्ला.

पेटीतलं इंजिन जाम झालं होतं. वर्षानुवर्षं एरंडेल आत सुकलं की त्याचा गोंद होतो. अशा वेळी पकडीनं पंखा फिरवला तर आतला दांडा वाकतो, हे भाईजाननीच शिकवलेलं. शेकून, नवं तेल सोडून हळूहळू मोकळं करायचं. पण आधी डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा. तिथंच आम्ही अडलो. तो स्क्रू भाईजाननी शेवटी ठेवला होता तसाच होता. धाकटा म्हणाला, हात लावायचा नाही. आपा म्हणाली, मग काय, जाम इंजिन जपायचं? शेवटी ठरलं: मोजून फिरवायचा, मोजून परत आणायचा.

सव्वा फेरा मागं घेतला. हेअर ड्रायरच्या गरम हवेत शेकून एरंडेलचे थेंब सोडले. मगरिबच्या सुमारास पंखा इंचभर हलला, मग पूर्ण फिरला. आत ‘टप्’ असा दाबाचा आवाज झाला. अम्मीनं इंजिन हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

ईथर अजून मिळालेलं नाही. स्क्रू आम्ही परत आवळला. पण सव्वा फेरा आवळला की दीड, यावर धाकट्याचं आणि आपाचं अजून जमत नाही.